ठासणीची बंदूक : किटच्या आधी साल ठरवा

या वेळच्या टपालातील चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे छापलेली नाहीत; राहण्याचे ठिकाण तेवढे दिले आहे.

प्रश्न : मी सातपूरच्या एका कारखान्यातील टूलरूममधून निवृत्त झालो असून घरी हौसेने सुतारकाम करतो. माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात असतो. अठराव्या शतकातील लढायांचे प्रसंग त्या काळच्या पोशाखात मैदानावर उभे करणाऱ्या एका गटात, म्हणजे ज्याला तिकडे रीएनॅक्टमेंट म्हणतात त्यात, तो रमला आहे. हिवाळ्यात त्याला मित्रांबरोबर हरणाच्या शिकारीलाही जायचे आहे. या दोन्हींसाठी मिळून गुळगुळीत नळीची एकच ठासणीची, म्हणजे दारू-गोळी तोंडाकडून ठासून भरायची बंदूक किट आणून बनवावी असे त्याच्या मनात आहे. त्याच्यापुढे तीन पर्याय आहेत : भारतात बनून तिकडे विकली जाणारी तयार मस्केट (शिपायाची जुनी लांब बंदूक), इटालियन कारखान्याचे ब्राउन बेस या जुन्या ब्रिटिश मस्केटचे किट, आणि अमेरिकेतील दुकानाकडून सुट्या भागांचा संच. यांपैकी काय घ्यावे? किट नाशिकला पाठवतो, दस्ता तुम्ही तिथेच बनवा, असेही तो म्हणतो. एप्रिलमध्ये आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी तिकडे जाणार आहोत.
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : शेवटच्या मुद्द्याचे उत्तर आधी देतो. किट नाशिकला मुळीच मागवू नका. आपल्याकडील शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये ‘शस्त्र’ या संज्ञेत शस्त्रांचे सुटे भागही येतात, आणि बंदूक ठासणीची आहे, जुन्या धाटणीची आहे, एवढ्यावरून तिला या कायद्यातून सूट मिळत नाही. नळी आणि लॉक (दारू पेटवणारी यंत्रणा) असलेले पार्सल आयात करणे, त्यांची जुळणी करून चालणारी बंदूक तयार करणे आणि ती पुन्हा परदेशी पाठवणे, या तिन्ही गोष्टींना परवाने लागतात आणि ते हौशी कारागिरासाठी नसतात. मी फक्त लाकूडकाम करतो, हा बचावही कामाचा नाही, कारण नळी आणि लॉक हाताशी असल्याखेरीज दस्ता बसवताच येत नाही. आपण एप्रिलमध्ये जाणारच आहात, तेव्हा हे काम मुलाच्या गॅरेजमध्ये करावे. स्वतःच्या पटाश्या आणि कानशी न्यायच्या असतील तर त्या चेक-इन सामानात ठेवाव्यात. हातातल्या बॅगेत त्या चालणार नाहीत.

तिकडे हे काम सोपे का, तेही सांगतो. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय बंदूक कायद्याने काळ्या दारूवर चालणाऱ्या आणि तयार काडतूस न घेणाऱ्या ठासणीच्या बंदुका ‘अँटीक’ या वर्गात टाकून बहुतेक बंधनांतून वगळल्या आहेत, आणि जुन्या नमुन्यावरून आज बनवलेल्या बंदुकाही त्यात येतात. किट कुरियरने घरपोच येते ते त्यामुळेच. मात्र राज्यांचे कायदे निराळे आहेत. पेनसिल्व्हेनियाला लागूनच असलेल्या न्यू जर्सीत हीच बंदूक इतर बंदुकांप्रमाणे धरली जाते. मुलगा तिकडे व्हिसावर असेल तर प्रयोगासाठी बंदूक घेऊन राज्याची सीमा ओलांडण्यापूर्वी पलीकडच्या राज्याचा नियम त्याने स्वतः वाचून घ्यावा, गटातल्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नये.

आता निवडीचा प्रश्न. बहुतेक हौशी माणसे किटच्या छायाचित्रापासून सुरुवात करतात, आणि मग घेतलेली बंदूक गटात चालत नाही असे कळल्यावर हिरमुसतात. सुरुवात सालापासून करावी. मुलाचा गट कोणत्या युद्धाचे प्रयोग करतो, त्यातले कोणते वर्ष धरतो आणि त्यात मुलगा कोण असतो, या तीन गोष्टी कळल्या की पर्याय आपोआप गळू लागतात. पश्चिम पेनसिल्व्हेनियातील गट असेल तर बहुधा १७५४ ते १७६३ मधील फ्रेंच आणि इंडियन युद्ध हा विषय असेल. तेथील फोर्ट लिगोनियरवर १२ ऑक्टोबर १७५८ रोजी झालेल्या हल्ल्याचे स्मरण गावात दर ऑक्टोबरमध्ये केले जाते. फिलाडेल्फियाच्या बाजूचा गट असेल तर १७७५ ते १७८३ च्या स्वातंत्र्ययुद्धाची शक्यता अधिक.

वीस वर्षांचा हा फरक बंदुकीत स्पष्ट दिसतो. ब्राउन बेस या एका नावाखाली एक सबंध घराणे येते. ब्रिटिश पायदळाची थोरली मस्केट ४६ इंची नळीची होती. ४२ इंची नळीची धाकटी मस्केट पायदळाला मिळू लागली ती १७६० चे दशक संपता संपता. तिसरी, ३९ इंची, ईस्ट इंडिया कंपनीसाठी निघालेली म्हणून ‘इंडिया पॅटर्न’ म्हणवली जाणारी. पुढे नेपोलियनशी लढताना ब्रिटिश सैन्याने तीच उचलली. (१८१८ मध्ये त्र्यंबकगड आणि मालेगावचा किल्ला घेणाऱ्या कंपनीच्या पायदळाकडे याच घराण्यातल्या आखूड नळीच्या मस्केट होत्या, हे नाशिककराने जाता जाता लक्षात ठेवण्यासारखे आहे.) इटलीतील पेडरसोली या कारखान्याची ब्राउन बेस धाकट्या, ४२ इंची नमुन्याची आहे. स्वातंत्र्ययुद्धाच्या गटात ती बिनतक्रार चालेल. १७५८ च्या गटात काटेकोर माणूस तिच्यावर बोट ठेवील. फ्रेंच बाजूच्या शार्लव्हिल मस्केटचेही तसेच आहे : बाजारात सहज मिळणारे नमुने १७६३ आणि त्यानंतरचे असतात, म्हणजे ज्या युद्धासाठी त्या हव्यात ते संपलेले असते.

यावरून एक गोष्ट निघते. मुलगा गणवेशातला शिपाई असेल तर त्याला निवडीला फारसा वाव नाही. रांगेतल्या इतरांसारखीच मस्केट घ्यावी लागते आणि शिकारीसाठी ती घ्यावी की नाही हा प्रश्न वेगळा उरतो. पण तो नागरी मिलिशियात किंवा सीमेवरच्या वस्तीतला माणूस म्हणून उभा राहू शकत असेल, तर त्या काळचा शेतकरी जी घरची बंदूक घेऊन येई तीच त्याला आणता येईल. तिला तिकडे फाउलर म्हणतात : लांब, सडपातळ, मुळात पक्ष्यांच्या शिकारीसाठी केलेली, छर्रे आणि गोळी दोन्ही चालवणारी. शिकार आणि प्रयोग एकाच बंदुकीवर भागवायचे असतील तर माझे मत निःसंशय २० बोअरच्या फाउलरच्या बाजूने आहे, आणि त्यासाठी गरज पडल्यास मुलाने गटातली आपली भूमिका बदलून घ्यावी असेही मी म्हणेन.

कारण वजनात आणि गोळीत आहे. बोअरचा हिशोब आपल्याकडच्या बारा बोअरसारखाच : नळीत बसतील अशा जितक्या शिशाच्या गोळ्या एका पौंडात होतात, तो आकडा. २० बोअरची नळी सुमारे ०.६२ इंच व्यासाची असते. तिच्यात कापडात गुंडाळून बसणारी ०.६० इंचाची गोळी २१ ग्रॅमच्या आसपास भरते, आणि पन्नास यार्डांच्या आत हरणासाठी ती पुरेशी आहे. ब्राउन बेसची नळी ०.७५ इंचाची, तिची गोळी ३५ ग्रॅमच्या पुढे जाते, दारू जास्त लागते, खांद्याला धक्का जास्त बसतो आणि बंदूक स्वतः साडेचार किलोच्या घरात असते. प्रयोगात तासभर खांद्यावर वागवायला ती ठीक आहे. बर्फातून दिवसभर चालायला नाही. गुळगुळीत नळीकडून पन्नास-साठ यार्डांपलीकडे नेमाची अपेक्षा ठेवू नये, मग बोअर कोणतेही असो. छर्ऱ्यांनी पक्षी मारायचे तर नळीला चोक, म्हणजे तोंडाशी आवळ, नसल्यामुळे पंचवीस-तीस यार्ड ही मर्यादा समजावी. बदकांसाठी शिशाचे छर्रे अमेरिकेत १९९१ पासून देशभर बंद आहेत. त्याऐवजी बिस्मथचे घ्यावेत. पोलादी छर्रे जुन्या पद्धतीच्या मऊ नळीला ओरखडतात.

पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर हरणांसाठी केवळ चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुकांचा म्हणून एक स्वतंत्र हंगाम असतो, त्यामुळे लॉक चकमकीचेच घ्यावे. छोटी स्फोटक टोपी ठेवून उडवायची बंदूक त्या हंगामात चालत नाही आणि १७५८ च्या मैदानावर तर ती दिसताच कामा नये, कारण ती पद्धत एकोणिसाव्या शतकातली. प्रथमच शिकार-परवाना काढणाऱ्याला तिकडे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. ते मुलाने किट येण्याची वाट न पाहता घेऊन ठेवावे.

आपण दिलेल्या तीन पर्यायांविषयी आता स्पष्ट लिहितो. भारतात बनून तिकडे विकल्या जाणाऱ्या मस्केट बहुधा बत्तीचे छिद्र (ज्यातून ज्वाळा नळीतल्या दारूपर्यंत पोचते ते) न पाडता पाठवल्या जातात, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या त्या न उडणाऱ्या प्रतिकृती असतात. छिद्र तिकडे विक्रेता किंवा घेणारा पाडून घेतो. किंमत कमी आणि दुर्मीळ नमुनेही उपलब्ध, म्हणून रीएनॅक्टमेंटमध्ये त्या बऱ्याच दिसतात. पण नळीची दाबचाचणी झाल्याचा शिक्का त्यांवर सहसा नसतो. केवळ दिखाऊ भूमिकेसाठी ती घेण्याला माझी हरकत नाही. गोळी भरून शिकारीला नेण्यासाठी मात्र मी ती सुचवणार नाही. कारागिरी आपल्या देशातली आहे म्हणून हे मत मऊ करण्याचे कारण नाही.

इटालियन किटची नळी तेथील सरकारमान्य चाचणीगृहातून शिक्का घेऊन येते, आणि हे तिचे मोठे बळ आहे. लाकूड जवळजवळ तयार, लॉकची खाच कोरलेली, छिद्रे पाडलेली. उरते ते घासकाम, तेलपाणी आणि धातूची सफाई. ज्याने कधी पटाशी धरलेली नाही त्याने हेच घ्यावे. आपल्यासारख्या टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला यात चार संध्याकाळींच्या पलीकडे काही हाती लागणार नाही, आणि नमुना तर तोच, शिपायाचा.

तिसरा पर्याय सुट्या भागांच्या संचाचा. मिनेसोटातील ट्रॅक ऑफ द वुल्फ किंवा नॉर्थ कॅरोलायनातील जिम चेंबर्स यांच्यासारखे विक्रेते फाउलरचे आणि त्यासारख्या बंदुकांचे संच देतात. दस्ता यंत्रावर कोरलेला, नळीची पन्हळ आणि गजाचे, म्हणजे बार ठासायच्या काठीचे, भोक केलेले, बाकी बरेचसे आपल्यावर सोपवलेले. लॉकची खाच शेवटच्या मापाला आणणे, नळी दस्त्यात धरून ठेवणाऱ्या कड्या बसवणे, चापाची पट्टी, खांद्याची पितळी पाटी, आणि सगळ्यात नाजूक म्हणजे बत्तीचे छिद्र. हाच संच घ्यावा. आपण सरफेस प्लेटवर मार्किंग ब्लू लावून उंच जागा खरवडत आला असाल. दस्त्यात नळी आणि लॉक बसवण्याचे काम अक्षरशः तेच आहे, फक्त ब्लूच्या जागी तिकडचे लोक काजळी वापरतात आणि स्क्रेपरच्या जागी पटाशी येते. धातू आणि लाकूड सगळीकडे टेकले पाहिजे, विशेषतः नळीच्या बुडामागे, कारण धक्का तिथे येतो. तिथे फट राहिली की काही बारांनंतर दस्ता चिरतो.

संच निवडताना पैसे लॉकवर घालावेत. लाकूड सुंदर पण लॉक साधारण, असा संच हंगामभर मनस्ताप देतो. गारगोटी ज्या पोलादी पट्टीवर घासते ती नीट कडक केलेली हवी. गारगोटी पट्टीच्या वरच्या तिसऱ्या भागावर आदळून खाली खरवडत गेली पाहिजे आणि ठिणग्या पेटवणीच्या दारूच्या वाटीच्या मध्यावर पडल्या पाहिजेत. लॉक हातात आल्यावर दस्त्यात बसवण्यापूर्वीच अंधाऱ्या खोलीत, दारूशिवाय, हे तपासता येते. नळीवर बनवणाऱ्याचे नाव असावे आणि तिच्यासाठी किती दारू व कोणती गोळी चालते हे त्याच्याकडून लेखी मिळालेले असावे. इतर कोणाचे आकडे वापरू नयेत. बुडाकडे अष्टकोनी आणि पुढे गोल होत जाणारी नळी फाउलरला शोभते आणि तोलही चांगला देते.

बत्तीचे छिद्र लॉक पक्के बसल्यावरच पाडायचे असते. त्याची जागा वाटीच्या मध्यावर आणि वाटीच्या वरच्या कडेच्या रेषेत येते, पण त्याआधी नळीच्या बुडातला आट्यांचा बुच आत कुठवर आला आहे हे मोजून घ्यावे, नाहीतर छिद्र बुचाच्या तोंडावरच निघते. हे मोजमाप आपल्यासाठी हातचा मळ आहे. मुलाला मात्र ते एकट्याने करू देऊ नये.

लाकडाबाबत एक सूचना. संचाबरोबर पट्टेदार मेपलचा मोह दाखवला जातो. त्याचे रेषांचे वळण पटाशीला ठायी ठायी अडवते. पहिल्या कामासाठी साधा अक्रोड घ्यावा, इंग्रजी फाउलरला तोच शोभतो. जवसाच्या तेलाचे पातळ हात देत गेले की पुरे. व्हार्निश नको.

आणि दस्त्याच्या मापाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण त्याविषयी किटच्या जाहिरातीत अवाक्षर नसते. फाउलरला मागची माशी, म्हणजे नेम धरायची मागची खूण, नसते. पुढे नुसता एक मणी असतो. म्हणजे नेमबाजाचा डोळा हीच मागची माशी. दस्त्यावर गाल टेकतो ती कड अर्धा सेंटिमीटर उंच राहिली तर गोळी वर जाते, डोळा एका बाजूला सरकला तर गोळी त्या बाजूला जाते. म्हणून यंत्रावर कोरून आलेल्या दस्त्याची ती कड आधी घासू नये. नळी आणि लॉक बसल्यावर मुलाला, शिकारीला घालायचा तोच जाड कोट घालून, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगावी. डोळे उघडल्यावर त्याला नळी सरळ लांबवर दिसली पाहिजे. तसे दिसेपर्यंत थोडे थोडे लाकूड काढावे. मुलगा डावखुरा असेल तर डावे लॉक मिळते का हे संच मागवण्यापूर्वीच विचारावे, कारण उजव्या लॉकची वाटी डावखुऱ्याच्या चेहऱ्यासमोर पेटते.

एक बंदूक दोन कामांना वापरण्यात एक खरा धोका आहे. प्रयोगात बार केवळ दारूचा, गोळीशिवायचा असतो. गज नळीत घालायचाच नाही असा बहुतेक गटांचा नियम असतो, लॉकच्या वाटीला बाजूची ज्वाळा अडवणारा पत्र्याचा आडोसा आणि पोलादी पट्टीला चामड्याची टोपी सक्तीची असते. शिकारीची पिशवी आणि प्रयोगाची पिशवी वेगळी ठेवावी, एकीतली वस्तू दुसरीत कधी जाऊ नये. गजावर रिकाम्या नळीची खोली दाखवणारी खूण कोरून ठेवावी. घरातून निघताना गज घालून ती खूण नळीच्या तोंडाशी येते का ते पाहावे. दारू अस्सल काळीच घ्यावी. पर्यायी म्हणून विकल्या जाणाऱ्या चुऱ्या टोपीच्या बंदुकीत चालतात, चकमकीच्या ठिणगीने त्या धड पेटत नाहीत. आणि आधुनिक बिनधुराची दारू या नळीत घातली तर नळी फुटते.

परत येताना तिकडची दारू, लॉक किंवा ‘आठवण म्हणून’ एखादा जुना भाग सामानात टाकू नये. काळी दारू विमानात कोणत्याही सामानातून नेता येत नाही, आणि लॉकविषयी वर लिहिलेच आहे.

प्रश्न : माझी भाची इंग्लंडमध्ये लेस्टरला शिकते. तेथील यादवी युद्धाच्या प्रयोगांत ती भाग घेते. तिनेही ब्राउन बेसचे किट घ्यावे का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : नाही. इंग्लंडचे यादवी युद्ध १६४२ ते १६५१ चे, आणि ब्राउन बेस त्यानंतर सत्तर-ऐंशी वर्षांनी आली. त्या युद्धातल्या शिपायाकडे मुख्यतः तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटणारी बंदूक असे. भाचीला तोड्याचीच मस्केट शोधावी लागेल, आणि ती बहुधा गटाकडूनच उसनी मिळेल. पहिल्या वर्षी तशीच घ्यावी. विकत घ्यायची झाल्यास इंग्लंडमध्ये अमेरिकेसारखी मोकळीक नाही. चोवीस इंचांहून लांब गुळगुळीत नळीच्या ठासणीच्या बंदुकीला शॉटगन सर्टिफिकेट लागते आणि काळी दारू घेण्या-ठेवण्यासाठी पोलिसांकडून स्फोटकांचे वेगळे प्रमाणपत्र. नळीची चाचणी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या, किंवा तिकडे मान्य असलेल्या परदेशी चाचणीगृहात झालेली असल्याशिवाय ती विकता येत नाही, त्यामुळे जुळणी केलेली बंदूक कोणी ‘घरची आहे’ म्हणून देऊ लागला तर शिक्का आधी पाहावा. विद्यार्थिनीच्या वसतिगृहात हे सारे ठेवायला जागा मिळेल का, हा प्रश्न तिने किटच्या किमतीआधी सोडवावा.

प्रश्न : आमचे मंडळ येत्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत रामशेजच्या वेढ्याचा देखावा करणार आहे. मावळ्यांच्या हाती खऱ्यासारख्या बंदुका हव्यात. परदेशी किट मागवून पाच-सहा बंदुका तयार कराव्यात आणि फक्त दारूचे, गोळीशिवायचे बार काढावेत, असा विचार आहे. कोणते किट योग्य?
— मंडळाचे कार्यकर्ते, पंचवटी

उत्तर : कोणतेही नाही, आणि याला दोन स्वतंत्र कारणे आहेत.

पहिले कारण इतिहासाचे. रामशेजचा वेढा १६८२ मध्ये सुरू झाला आणि पाच वर्षांहून अधिक काळ चालला. त्या काळी किल्ल्यावर आणि खालच्या मुघल छावणीतही हातात असे ती तोड्याची बंदूक : बारीक लांब नळी, सडसडीत दस्ता, आणि दस्त्याच्या पोटातून वर येणारा लोखंडी काटा, ज्याच्या चिमटीत तोडा धरलेला. बाजारातली किट अठराव्या शतकातल्या युरोपीय चकमकीच्या बंदुकांची असतात. ब्राउन बेस हातात घेतलेला रामशेजचा मावळा जाणकाराला दुरूनच खटकेल, आणि नाशिकमध्ये किल्ले पाहणाऱ्या जाणकारांची कमतरता नाही.

दुसरे कारण कायद्याचे. गोळी नसली तरी दारूने बार काढणारी नळी ही बंदूकच ठरते आणि तिला परवाना लागतो, बनवायलाही लागतो. लोहाराकडून जाड पाइप, एका बाजूने बंद, बाजूला छिद्र असे काही ‘फक्त आवाजापुरते’ करून घेण्याचा विचार कोणी मांडला तर तो तिथेच थांबवावा. अशा नळ्या फुटतात, आणि जवळ उभे असतात ते आपलेच कार्यकर्ते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मिरवणुकीत किंवा समारंभात बेदरकारपणे बंदूक उडवून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

देखाव्यासाठी भरीव लाकडी नळीची बंदूक करावी. सागाच्या किंवा आंब्याच्या लाकडाची गोल काठी खरादावर काढून तिला शिशपेन्सिलीच्या भुकटीसह काळा रंग चोळला की दहा फुटांवरून ती लोखंडी वाटते. नळीचे तोंड पेराएवढेच खोल कोरावे. नळी दस्त्याला जागोजागी पितळी पट्ट्यांनी किंवा चामड्याच्या वाद्यांनी आवळलेली दाखवावी. पट्ट्यांचे काम गावातले तांबट उत्तम करतील. बंदूक सुमारे पावणेदोन मीटर लांब ठेवावी. मावळ्याच्या कमरेला वळलेल्या सुती दोरीची गुंडाळी आणि दारूचे शिंग असले की चित्र पुरे होते. हे दोन बारकावे बहुतेक देखाव्यांत राहून जातात. आवाजाचे काम ढोलाकडे द्यावे, आपल्या शहरात तो कमी पडत नाही. इतके करूनही, मिरवणुकीच्या परवानगीच्या अर्जात या लाकडी प्रतिकृतींचा उल्लेख करून पोलिस आयुक्तालयात त्याची पोच घ्यावी, म्हणजे बंदोबस्तावरील शिपायाला ऐनवेळी खुलासा करत बसावे लागणार नाही.

प्रश्न : आजोबांच्या नावावर परवान्याची ठासणीची बंदूक होती. ते वारल्यावर ती माडीवर तशीच आहे. शेतात रानडुकरांचा त्रास वाढला आहे. हीच बंदूक दुरुस्त करून वापरता येईल का? नवे भाग किटमधून मिळतात असे ऐकले.
— एक शेतकरी, दिंडोरी तालुका

उत्तर : परवाना व्यक्तीच्या नावे असतो, तो घराबरोबर वारशाने येत नाही. परवानाधारक वारल्यावर बंदूक विलंब न लावता पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असते, आणि कायदेशीर वारस म्हणून आपल्या नावे परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. आपण ग्रामीण भागात आहात, तेव्हा तो जिल्हाधिकारी कार्यालयात. बंदूक आठवण म्हणूनच ठेवायची असेल तर मार्ग आहे : दुरुस्ती करूनही उडवता येणार नाही अशा जुन्या शस्त्राला अधिनियमातून सूट आहे. पण ती तशी आहे हे आपण घरी ठरवून चालत नाही, अर्ज करूनच ठरवून घ्यावे.

रानडुकरांविषयी : वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकार बंद आहे, परवान्याची बंदूक हाती असली तरीही. पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावराबाबत वन विभागाचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती मिळेपर्यंत नुकसानीचा पंचनामा आणि भरपाईचा अर्ज हाच रस्ता आहे. पंचनाम्याला उशीर केला तर भरपाई हातची जाते.

नवे भाग बसवण्याचा विचार सोडून द्यावा. जुन्या नळीच्या आत, बुडाशी, गंजाने किती खाल्ले आहे ते बाहेरून कळत नाही, आणि नवे लॉक बसवल्याने नळी नवी होत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती आजच करावी. माडीवर वर्षानुवर्षे ठेवलेल्या ठासणीच्या बंदुकीत पुष्कळदा शेवटचा बार भरलेलाच असतो. काळी दारू कोरडी राहिली तर ती इतक्या वर्षांनीही पेटते. नळीच्या तोंडात डोकावू नये, बुडाशी तेल घालून किंवा तापवून काही काढण्याचा प्रयत्न करू नये, मुलांना माडीवर जाऊ देऊ नये. पोलिस ठाण्याला आधी फोन करून बंदूक भरलेली असण्याची शक्यता सांगावी आणि ती त्यांनाच न्यायला येऊ द्यावे. एसटीने किंवा मोटारसायकलवर स्वतः घेऊन जाऊ नये.